पन्नास हजार शब्द झाले, पुढे?

30 दिवसांत 50,000 शब्दांची कादंबरी लिहायची टूम 1999 साली अमेरिकेत 21 जणांनी काढली. पुढे ती नोव्हेंबरात जगभर पसरली. त्यामागची संस्था बंद होत असल्याचं 2025मध्ये जाहीर झालं, पण लिहिणारे थांबलेले नाहीत.

मराठीला हा वेग नवा नाही. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ 1963मध्ये पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. त्यांची ‘हिंदू’ मात्र 2010 साली आली. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी तर सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर लिहिलं. (कापडावर खाडाखोड करायची सोय ती कितीशी असणार!)

आजच्या लेखकाला ती सोय आहे, तर वापरावी. खर्डा संपल्याबरोबर प्रकाशकाकडे धाडायची घाई कशाला? महिनाभर तो बाजूला ठेवावा, मग मोठ्यानं वाचावा. संवादातला खोटेपणा कानालाच आधी कळतो.

त्यानंतर जाणता वाचक गाठावा. समजा, कादंबरी बीडकडची आहे; तिच्यात ऊसतोड बहुधा येतेच. एका कोयत्याची (म्हणजे तोडणीच्या जोडप्याची) उचल किती, मुकादम हिशेब कसा मांडतो, पाचटाच्या कोपीत रात्र कशी जाते, हे तोडणीला गेलेल्या माणसाकडून तपासून घ्यावं. तो हंगाम संपवून मार्च-एप्रिलात गावी परततो. तोवर दुसरा खर्डा सहज होईल.