कारागिराच्या बोटांतले ज्ञान कागदावर आणा

कृत्रिम पायांच्या वाटपाची शिबिरे आपल्याकडे मोठ्या उत्साहाने भरतात. मंडप असतो, पाहुणे असतात, हारतुरे असतात. ज्याला पाय मिळाला तो चार पावले चालून दाखवतो आणि टाळ्या पडतात. पुढे अनेकदा असे होते, की काही महिन्यांनी तो पाय घराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहतो आणि माणूस पुन्हा कुबडीवर येतो. हे पाहायला मात्र पाहुणे नसतात.

पाऊल कितीही उत्तम असले तरी माणूस पावलावर उभा राहत नाही. तो सॉकेटवर उभा राहतो. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पायाचा भाग, म्हणजे खुंट, ज्या पोकळीत बसतो ती सॉकेट. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाचा सारा भार तिच्यातून जातो. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दाब सोसते. नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूचे हाडाचे टोक तो सोसत नाही. म्हणून कारागीर खुंटावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो, त्यात प्लास्टर ओतून खुंटाची प्रतिकृती काढतो. जेथे भार घ्यायचा तेथे ती खरवडतो, जेथे हाडाला मोकळीक हवी तेथे भर घालतो, आणि मग तिच्यावर तापवून मऊ केलेले प्लास्टिक चढवतो. किती खरवडायचे आणि किती भरायचे, यावर तो माणूस उद्या शेतात जाणार की खाटेवर पडणार हे ठरते. हा निर्णय कारागिराची बोटे घेतात. आणि बहुतेक वेळा तो कोठेही लिहिला जात नाही.

या क्षेत्रात आपल्या देशाने जगाला दिलेली देणगी कारागिराच्याच हातून आली आहे. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडवला. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी तो पाय होता. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि या पायावर पेटंट घेतले गेले नाही. ज्ञान ही खाजगी मालमत्ता नव्हे, असे मानणाऱ्यांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाबरोबर एक कटू सत्यही स्वीकारले पाहिजे. ज्याच्यावर पेटंट नाही, पण ज्याची लेखी नोंदही नाही, ते ज्ञान मोफत असूनही बंदिस्तच राहते. गुरूच्या शेजारी बसायला मिळाले त्यालाच ते मिळते, आणि गुरूबरोबर ते जातेही.

याची किंमत अपंग माणूस मोजतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात खुंटाची सूज ओसरते, स्नायू रोडावतात आणि घट्ट बसलेले सॉकेट सैल होते. मधुमेह्याच्या खुंटाला तर अनेकदा संवेदनाच नसते. जखम चिघळेपर्यंत कळत नाही, आणि पाय आणखी वर कापण्याची वेळ येऊ शकते. असा माणूस परत आला की मागचा घेर किती होता, लाल वळ कोठे उठले होते, साच्यात काय बदलले होते, यांपैकी काहीही हाताशी नसते. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. पुन्हा तीच चूक. 2004 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जयपूर पद्धतीच्या पायांची पाठपुरावा पाहणी प्रसिद्ध झाली. सॉकेटच्या सदोष बसणीवर आणि कारागिरीतील उणिवांवर तिने बोट ठेवले. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. ती वही आधी आपणच लिहायला हवी होती.

कौशल्य कागदावर उतरत नाही, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. बोटांचा स्पर्श लिहिता येत नाही. पण मापे, कारणे आणि विशेषतः फसलेले प्रयत्न लिहिता येतात. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने आपल्या पॉलिप्रॉपिलिन पद्धतीच्या कृतिपुस्तिका सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. दुसरी भीती अशी, की कारागिराचे ज्ञान लिहून घेतले की यंत्र येऊन त्यालाच बाजूला सारील. यंत्र तर आलेच आहे; खुंटाचे चित्र घेऊन संगणकावर सॉकेट आखले जाते. प्रश्न एवढाच, की त्या यंत्राला शिकवणारे ज्ञान कोणाच्या मालकीचे असेल? समाजाने ते कारागिराच्या नावानिशी नोंदवले नाही, तर उद्या एखादी कंपनी ते कुलुपात ठेवील आणि आपल्यालाच विकील.

2016 च्या अपंग हक्क कायद्याने पुनर्वसनाचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. मात्र आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची पळवाटही ठेवली आहे. एका वहीने कोणत्याही शासनाची तिजोरी रिकामी होत नाही. म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून दिलेल्या प्रत्येक पायाबरोबर त्या माणसाच्या भाषेतील नोंदवही त्याच्या हाती द्या. तीत मापे, साच्यातील बदल, बनवणाऱ्याचे नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. लिहिण्यात जाणारा वेळ कारागिराच्या कामाचा वेळ मानून त्याचे वेतन द्या. पुण्याचे 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि कानपूरचे 1972 साली स्थापन झालेले सरकारी महामंडळ यांच्या पदरी दशकांचा अनुभव आहे. तो मराठी आणि हिंदी कृतिपुस्तिकांत सर्वांसाठी खुला व्हावा.

दान म्हणून मिळालेल्या पायाची तक्रार करता येत नाही; हक्काने मिळालेल्या पायाची करता येते. तक्रारीला मात्र पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे ही वही.