चंद्र का पडत नाही?

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी 'प्राचीन भारतातील विज्ञान' या विषयावर बोलले. "न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी आमच्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला होता!" हे वाक्य मी चांगला आवाज चढवून म्हटले. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. बाहेर आल्यावर विज्ञान शाखेच्या एका मुलीने सहज विचारले, "मग भास्कराचार्यांच्या मते चंद्र का पडत नाही?" मला उत्तर आले नाही. आणि खरे सांगायचे तर न्यूटनच्या मते तो का पडत नाही, हेही मला ठाऊक नव्हते. ज्या दोघांची तुलना करून मी बक्षीस घेतले, त्यांपैकी एकाचेही म्हणणे मी वाचलेले नव्हते.

मित्रहो, वस्तू खाली पडते हा काही शोध नव्हे. माझे बाबा चौथीपर्यंतच शिकले. पण विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल आहे ते ते कानाने ओळखतात. "आवाज उशिरा आला म्हंजे पानी खाल गेलं समज," असे ते मला लहानपणी सांगत. यंदा उन्हाळ्यात मी घड्याळ घेऊन काठावर बसले. दोन सेकंद भरले. सूत्राने चौसष्ट फूट आले. बाबा साठ म्हणाले होते!

मग न्यूटनने वेगळे काय सांगितले? त्याचा पहिला नियम अमरावती-अकोला एस.टी.त उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला अंगाने माहीत आहे. मूर्तिजापूरला ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की गाडी थांबते, आपण मात्र पुढच्याच्या पाठीवर आदळतो. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, आपण होऊन वळतही नाही. तिची गती बदलायला बळ लागते, आणि कापसाने भरलेल्या बंडीला रिकाम्या बंडीपेक्षा जास्त लागते, हा दुसरा नियम.

आता चंद्राकडे पाहा. तो सेकंदाला सुमारे एक किलोमीटर धावतो. त्याला कोणी ओढले नाही तर तो सरळ निघून जाईल. पण तो वळतो, म्हणजे कोणीतरी ओढत असलेच पाहिजे. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठपट दूर चंद्र आहे. अंतर साठपट झाले तर ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे 3600 पटींनी कमी होते. विहिरीतला दगड पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडतो. त्याला 3600 ने भागा. दीड मिलिमीटरही भरत नाही. आणि चंद्र आपल्या सरळ वाटेपासून सेकंदाला नेमका तेवढाच पृथ्वीकडे झुकतो! म्हणजे चंद्र पडतोच आहे. पुढे धावता धावता पडतो, म्हणून पोहोचत नाही. हा भागाकार मी वहीच्या मागच्या पानावर तीनदा केला. आमच्या विहिरीचा आणि चंद्राचा कायदा एकच, हे न्यूटनने 1687 साली ग्रंथात मांडले. पहिला नियम हाती नसता तर त्याला हा प्रश्नही पडला नसता.

यानंतर मी भास्कराचार्यांचे म्हणणे भाषांतरातून वाचले. 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. पृथ्वीला आधार कोणाचा, असे ते त्यात विचारतात. आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. याला अंत कुठे? पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, तिने जड वस्तू ओढल्या जातात आणि आपल्याला त्या पडल्यासारख्या दिसतात. पृथ्वीच्या सभोवार आकाश सारखेच, मग ती स्वतः पडणार कुठे? काय सुंदर युक्तिवाद आहे हा! पण त्यात ओढीचे माप नाही. दगडही पृथ्वीला तितक्याच बळाने ओढतो, ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली गोष्ट नाही. आणि चंद्रापर्यंत ती ओढ नेलेलीच नाही. ग्रहगोल त्यांच्या मते प्रवह नावाच्या वाऱ्याने फिरतात. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर ते हे.

हे सांगणे म्हणजे त्यांचा अपमान, असे काहींना वाटेल. मला तर माझे भाषणच अपमान वाटते. ग्रहाची त्या क्षणाची गती काढण्याची त्यांनी दिलेली रीत केवढी मोठी! तिच्याविषयी मी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना दुसऱ्याचा शोध चिकटवला आणि त्यांचा स्वतःचा विसरले. चाळीसगावजवळ पाटण येथे सुमारे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असे त्यात कोरले आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्यांना गणिते सोडवावी लागत असणार. आम्ही टाळ्यांवर भागवतो.

"कला शाखेला कशाला हव्यात या भानगडी?" असे वर्गात ऐकू येते. पण व्यासपीठावर भास्कराचार्यांचे नाव घेणारे बहुतेक आम्हीच, कला शाखेचे. नाव घ्यायचे तर भागाकारही करावा लागेल.

यंदाच्या स्पर्धेतही मी नाव दिले आहे. विषय तोच घेतला आहे. टाळ्या कमी पडतील, तयारी आहे. चौसष्ट फुटांचा वाद मात्र मिटला: बाबांनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. एकसष्ट भरले. घड्याळाचे बटण मीच उशिरा दाबले, असे त्यांचे म्हणणे आहे.