वाघाचा पत्ता कॅमेऱ्यातून बाहेर

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांच्या मोबाइलवर डिसेंबर २०१८ पासून बंदी आली. वाघ दिसताच फोन उगारून होणारी झुंबड रोखायला ती हवीच होती. पण तिचा रोख सेल्फीवर राहिला. फोनच्या ब्लूटूथचा विचार झाला नाही. मोहर्ली गेटमधून आत जाणाऱ्या जिप्सीतला आजचा कॅमेरा पाहा. कंपनीचे ॲप एकदा जोडले की पिशवीच्या तळाशी चालू राहिलेला फोन ब्लूटूथवरून कॅमेऱ्याला अक्षांश-रेखांश पुरवतो आणि ते तारीख-वेळेसह छायाचित्राच्या फाइलमध्ये उमटतात. जीपीएसला टॉवर लागत नसल्याने रेंज नसलेल्या जंगलातही हे घडते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद सहसा पुसली जाते; तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडला की शाबूत राहते, आणि दर्जा टिकावा म्हणून अनेक जण तसाच धाडतात.

वाघ कुठल्या पाणवठ्यावर येतो हे गावच्या पोरालाही ठाऊक असते, मग लपवायचे काय, असे कोणी विचारील. पाणवठा ठाऊक असणे वेगळे आणि कोणता वाघ कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे होता याची महिनोन्‌महिन्यांची नोंद परक्याच्या हाती पडणे वेगळे. २०१३ मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या वाघाच्या सॅटेलाइट कॉलरची माहिती ज्या ईमेलवर येत होती, तो उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याचे आढळले होते. हेतू सिद्ध झाला नाही, तरी सावध व्हायला तेवढे पुरे. जानेवारी २०२५ मध्ये तर वाघांच्या शिकारीतला म्होरक्या ताडोबाच्याच जिल्ह्यात, राजुऱ्यात पकडला गेला. धोका कागदावरचा नाही.

ब्लूटूथ जेमतेम दहा-वीस मीटर पोहोचते, त्याची एवढी धास्ती कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोटोच्या बाबतीत त्याचे उत्तर वर आलेच: कॅमेरा आणि फोन एकाच जिप्सीत असतात. वनरक्षकाच्या फोनचे काय? गस्तीच्या वाटा आणि वेळा आता मोबाइल ॲपमध्ये नोंदल्या जातात, आणि गेटवरच्या चहाच्या टपरीत दहा मीटर पुरेसे असतात. २०१७ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूबोर्न’ त्रुटींमुळे जोडणीची परवानगी न मागताही ब्लूटूथ चालू असलेल्या फोनमध्ये शिरता येत होते. कंपन्यांनी दुरुस्ती पाठवली. पण अपडेट बंद झालेल्या जुन्या, स्वस्त हँडसेटपर्यंत ती पोहोचत नाही. तेंदूपत्ता, मोहफुले वेचायला जाणाऱ्या गावकऱ्यांचा फोन मात्र कोणी काढून घेऊ नये. वाघाच्या हल्ल्यात मदत मागायचे तेच साधन आहे. जबाबदारी वनविभागाची आहे. त्याने वनरक्षकांना अपडेट मिळणारे फोन द्यावेत, गाइडांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा आणि गेटवर परमिट तपासताना पर्यटकाचा फोन पूर्ण बंद करवून कॅमेऱ्यातली स्थाननोंदही बंद करायला लावावी. नुसते ब्लूटूथचे बटण दाबून भागत नाही. अनेक फोनांत ते बंद दिसत असतानाही आसपासच्या उपकरणांचा शोध चालूच असतो. यासाठी नवा कायदा लागत नाही, येत्या हंगामाच्या सूचनांमध्ये दोन ओळी वाढवाव्या लागतील.