फोन घेताय? आधी चालवून बघा



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की पोराचे पहिले मागणे नव्या मोबाइलचे. दुकानदार खोका पुढे करतो. त्यावर ५० मेगापिक्सेल, ४+४ जीबी रॅम, ५००० एमएएच असे आकडे ठळक छापलेले. पण बैल घेताना आपण नुसती शिंगे आणि वशिंड बघून पैसे मोजतो का? दात बघतो, चालवून बघतो.

ते ४+४ घ्या. रॅम म्हणजे फोनची काम करायची जागा. यातली खरी रॅम ४ जीबीच. पुढची ४ साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली आणि बरीच मंद. गोठ्यातले चार खण धरून घर आठखणी सांगावे, त्यातला प्रकार. २०१२ साली नोकियाने ४१ मेगापिक्सेलचा ८०८ प्युअरव्ह्यू काढला. कॅमेरा नामी, पण आतली सिम्बियन प्रणाली मावळतीला लागलेली. सिम्बियनचा तो शेवटचा फोन ठरला.

आपल्याशी याचा संबंध काय? २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची आहे. गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोनमध्ये जागाच उरली नाही, किंवा अँड्रॉइड इतके जुने झाले की नवे ॲप उतरत नाही, तर मुदत टळून जाते. मग सातबारावर पीक लागत नाही आणि विम्याला, भरपाईला खेटे सुरू. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या आपल्या कोल्हापूरकरांना त्या नोंदीची किंमत सांगायला नको.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या फोनला अँड्रॉइडचे आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षांचा शब्द दिला. तो फोन महाग. स्वस्तातल्या कित्येकांना दोन-तीन वर्षांपुढे काही मिळत नाही. मग दुकानात मांडलेला चालू फोन हातात घ्या. मराठीत चार ओळी लिहा, तीन-चार ॲप एकामागोमाग उघडा, उन्हात नेऊन पडदा दिसतो का बघा. सारख्या जाहिराती येत असतील, तर बंद करून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पैसे आपले आहेत.

बॅटरीच्या आकड्याला मात्र मान द्या. दिवसभर रानात असणाऱ्याला तिथे चार्जिंग कुठले?