फवारणीचा पंप नदीत धुवू नका

आमच्या गावाजवळून माणगंगा नदी वाहते. ती सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील डोंगरात उगम पावते व पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. आमच्याकडे पाऊस फार थोडा. पावसाळा सरला की नदी आटते. मग फक्त डोहात पाणी राहते.

त्या डोहात सगळेच चालते. म्हशी बसतात, धुणे होते, ट्रॅक्टर धुतात. डाळिंबावर औषध मारून झाले की पंपही तिथेच विसळतात. आमचे अण्णासुद्धा. मी बोलले तर म्हणाले, "एवढ्या पाण्यात एवढुश्या औषधानं काय हुतंय?"

मला वाटते, खूप होते. बाईंनी आम्हाला ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवायला सांगितले. पाणी उडून गेले, मीठ तसेच राहिले. डोहाचेही तसेच आहे. उन्हाने पाणी कमी होते, घाण मागे राहते. वाहत्या नदीत घाण पातळ होऊन पुढे जाते. पण आमचा डोह उन्हाळाभर जागचा हलत नाही.

गावची विहीर नदीकाठीच आहे. नदीचे पाणी वाळूतून पाझरून विहिरीत येते आणि तेच आपण पितो. वाळूत काडीकचरा अडतो, पाण्यात विरघळलेले औषध अडत नाही. टाकीत टीसीएल पावडर टाकतात. आई धाकटीसाठी पाणी उकळते. त्याने जंतू मरतात. पण औषधाचे विष उकळून जात नाही.

काही जण म्हणतात, पूर आला की सगळे धुऊन जाते. पण पूर येईपर्यंत आपण काय प्यायचे? आणि धुऊन गेलेले खालच्या गावाला जाते. त्या गावातही मुले आहेतच की.

म्हशीला पाणी पाहिजे, धुणेही पाहिजे. ते बंद करा असे मी म्हणत नाही. फक्त ते विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला करावे. पंप मात्र रानातच विसळावा व ते पाणी बागेवरच फवारावे. औषधाचे रिकामे डबे नदीत टाकू नयेत.

पालक सभेला अण्णा येतील तेव्हा हे वाचतील. मला थोडी भीती वाटते. पण धाकटीचा पेला त्याच विहिरीच्या पाण्याने भरतो, म्हणून मी लिहिले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी