मशीन सुरू होते, पण चालत नाही



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या शहापूर-मुरबाडच्या वरकस माळांवरचे गवत पिवळे पडू लागते. किन्हवली असो, डोळखांब असो की धसई-टोकावडे, भाताची कापणी आणि गवताची कापणी एकमेकींच्या अंगावर येतात. पुढे बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मजूर मिळणे अवघड होते. म्हणून अनेकांनी खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे ब्रश कटर घेतले आहे. नेमक्या याच दिवसांत तक्रार येते, "साहेब, दोरी ओढली की मशीन सुरू होते, पण रेस दिली की बंद पडते."

आधी हे ध्यानात घ्या, की जे यंत्र सुरू होते ते मेलेले नाही. ठिणगी पडते आहे, इंजिनात दाब आहे. दुखणे बहुतेक वेळा पेट्रोलच्या किंवा हवेच्या वाटेवर असते. पण दुर्लक्षही करू नका. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळे मिळत नाही, ते पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी पोहोचले तर तेलही कमी पोहोचते. असे मशीन तासन्‌तास रेटले की पिस्टन तापून जाम होतो आणि थोडक्या पैशांच्या नळीपायी हजारोंचा खर्च बसतो.

म्हणून मशीन थंड करा, प्लगची टोपी काढून ठेवा, वाळल्या गवतापासून दूर बसा, विडी-काडी जवळ आणू नका, आणि पुढील क्रमाने तपासा.

पहिले पाहणे चोकचे. इंजिन तापल्यावर चोक उघडला आहे ना? उघडा असताना बंद पडते आणि ओढलेला असतानाच चालते, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. उलट काळा धूर येत असेल आणि प्लग ओला निघत असेल, तर हवा कमी पडते आहे. तेव्हा एअर फिल्टर काढा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कागदाचा असेल तर धुऊ नका, हलके झटका. फाटला असल्यास बदला.

दुसरे, टाकीचे झाकण. पेट्रोल खाली जाते तशी टाकीत हवा यायला हवी. झाकणातला बारीक मार्ग धुळीने बुजला की मशीन चार-पाच मिनिटे चालून मरते. बंद पडताच झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मशीन पुन्हा नीट चालू लागले, तर दोष सापडला. झाकण साफ करा किंवा नवे घ्या. सैल झाकणाने काम मात्र करू नका.

तिसरे, शिळे पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जमू शकते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. टाकीतली गाळणीही तळाशीच असते, आणि त्या थरात वंगण नसते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. गढूळ दिसले किंवा दोन थर पडले तर ते पुन्हा वापरू नका. विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका.

नवे मिश्रण पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच करा. १:२५ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, १:५० असेल तर २० मिलिलिटर टू-टी ऑइल. अंदाजे ओतू नका. ट्रॅक्टरचे ऑइल चालणार नाही. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर मात्र पेट्रोलमध्ये ऑइल सहसा मिसळायचे नसते.

चौथे, गाळणी आणि नळी. वाकवलेल्या तारेने टाकीतली गाळणी बाहेर काढा. काळी पडली असेल तर बदला. रबरी नळी बोटांत वाकवून भेगा पाहा. दाबायचा फुगा भरत नसेल किंवा त्यात सतत बुडबुडे दिसत असतील, तर नळी हवा खाते आहे.

पाचवे, धुराड्याची जाळी. थंड चालते, पण तापल्यावर जोर जातो, असे होत असेल तर जाळीवर काजळी साचली असण्याचा संभव आहे. काढून ब्रशने घासा.

इतके करूनही फरक न पडल्यास दोष कार्बोरेटरमध्ये समजा. ब्रश कटर तिरपे धरूनही चालते, कारण त्यात पेट्रोल ओढायला पातळ पडदा असतो. तो पडदा कडक झाला की पेट्रोल नीट येत नाही. हे काम मेस्त्रीचे. घरी स्क्रू पिळत बसू नका. मात्र वरची पाच कामे झाल्याचे त्याला सांगा, म्हणजे त्यांचे पैसे पुन्हा द्यावे लागणार नाहीत.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, फुगा दाबा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मगच ओटीवर कोरड्या जागी टांगून ठेवा. एवढी दहा मिनिटे काढली, तर पुढच्या दसऱ्याला गवत उभे आणि मशीन आडवे, अशी पाळी सहसा येणार नाही.