खरेदी एकाची, खाते दुसऱ्याचे

इंग्लंडातील फुटबॉल क्लबाच्या मॅनेजराची लायकी त्याने खेळाडूंच्या खरेदीवर किती कोटी पौंड घातले यावरून ठरविण्याची जी प्रथा अलीकडे रूढ झाली आहे, तीत हिशेबाची हौस उदंड असली तरी हिशेबाची शिस्त बेताचीच आढळते. मँचेस्टर युनायटेडचेच पाहा. सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाल्यापासून येणाऱ्या प्रत्येक मॅनेजराच्या नावे एक स्वतंत्र खाते उघडावयाचे, खरेदी खर्ची आणि विक्री जमा धरून बाकी काढावयाची, आणि तेवढ्यावरून त्या गृहस्थास कर्तबगार किंवा नादान ठरवून मोकळे व्हावयाचे, हा उद्योग आपल्याकडील रात्री जागून सामने पाहणारी मंडळीही मोठ्या हिरिरीने करीत असतात.

हाच कायदा १९८९ साली खुद्द फर्ग्युसनला लावला असता, तर त्याची कारकीर्द तेथेच आटोपली असती. त्या वर्षी त्याने गॅरी पॅलिस्टर या बचावपटूसाठी २३ लाख पौंड मोजले, पॉल इन्स, नील वेब, माइक फेलन, डॅनी वॉलेस हेही त्याच सुमारास आणविले. आणि सप्टेंबरात शेजारच्या मँचेस्टर सिटीने या महागड्या लवाजम्याचा ५-१ असा फडशा पाडला. हंगामाअखेर संघ तेराव्या क्रमांकावर राहिला, एफ. ए. कप पदरात पडला म्हणून थोडी लाज राखली गेली, इतकेच. पण तोच पॅलिस्टर आणि तोच इन्स १९९३ साली, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर मिळालेल्या लीग विजेतेपदाचे आधारस्तंभ होते. पैसा १९८९ चा, फळ १९९३ चे. मधल्या चार वर्षांत ज्याने ताळेबंद मिटवून टाकला असता, त्याच्या हाती केवळ तोटा लागला असता.

आकड्यांची तुलना करतानाही असाच अविचार होतो. आजीने पाटल्या किती रुपये तोळ्याने घेतल्या हे ऐकून आजच्या सुनेला उधळी ठरविण्यात जेवढा न्याय आहे, तेवढाच १९९३ चे पौंड आणि २०१६ चे पौंड एका रांगेत मांडण्यात आहे. रॉय कीनसाठी १९९३ साली मोजलेले ३७.५ लाख पौंड ही त्या काळची ब्रिटनमधील उच्चांकी रक्कम होती. पॉल पोग्बासाठी २०१६ साली मोजलेले ८.९ कोटी हा तर जागतिक उच्चांक. म्हणजे तोलावयाचे तर उच्चांकाशी उच्चांक तोलावा, आणि तो तोलला म्हणजे पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास नको: कीन बारा वर्षे राहिला, कर्णधार झाला, सात वेळा लीग जिंकून गेला, पोग्बा सहा वर्षे राहिला आणि लीग एकदाही जिंकला नाही. गमतीची गोष्ट अशी की, याच क्लबाने २०१२ साली त्याला जवळजवळ फुकट युव्हेंटसकडे जाऊ दिले होते, आणि २०२२ साली मुदत संपताच तो पुन्हा फुकटच त्याच युव्हेंटसकडे गेला! आता हा तोटा २०१६ साली मॅनेजर असलेल्या मोरिन्योच्या नावे लिहावा, की २०१२ साली पोरगा हातचा घालविणाऱ्या फर्ग्युसनच्या?

शिवाय खरेदीची मुखत्यारी पुरती मॅनेजराकडे असते, हे गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. २०१३ साली फर्ग्युसनबरोबरच व्यवहार पाहणारे डेव्हिड गिलही पायउतार झाले आणि दप्तर एड वुडवर्ड यांच्या हाती आले. मरुआन फेलायनी याला एव्हर्टनकडून २.३५ कोटींत उचलण्याची करारातील सवलत जुलैअखेर संपत होती; ती तशीच संपू देण्यात आली, आणि बाजार बंद होण्याच्या अखेरच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी २.७५ कोटी मोजले गेले. वरचे ४० लाख हा दप्तरदिरंगाईचा दंड होय. परंतु लोकांच्या वहीत तो फर्ग्युसनच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉइसच्या खर्चात पडला. मॉइस काही फार मोठा सेनापती होता असे माझे म्हणणे नाही. पण त्याच्या वाट्याला आलेला वारसाही जीर्ण होता: फर्डिनंड, विदिच, एव्हरा हे तिघेही पुढच्याच उन्हाळ्यात बाहेर पडले आणि गिग्जने बूट टांगले. आदल्या वर्षी एकोणतिसाव्या वर्षी आणलेल्या व्हॅन पर्सीने फर्ग्युसनला शेवटचे विजेतेपद मिळवून दिले खरे, परंतु म्हाताऱ्या होत चाललेल्या संघाची डागडुजी लांबणीवर टाकण्याचे बिल कोणाच्या दारात गेले?

मॉइसनंतर मॅनेजर झालेल्या व्हॅन गालने २०१४ साली ५.९७ कोटींना आणलेला दि मारिया वर्षभरातच तोटा सोसून पॅरिसला विकला गेला, हे मात्र कोणत्याही वहीत कसेही लिहिले तरी तोट्याचेच राहील. उलट २०२० च्या जानेवारीत मॅनेजर सोल्स्कयारच्या अमदानीत आलेला ब्रूनो फर्नांडिश पाहावा. सोल्स्कयार २०२१ साली गेला, २०२३ साली टेन हागने त्याच फर्नांडिशला कर्णधार केले, पुढे टेन हागही गेला, आणि फर्नांडिश आमोरिमच्या हाताखाली कर्णधार म्हणूनच खेळत राहिला.